पुंगळीवरचा स्वल्पविराम

१

परक्याची दारू खुशाल प्यावी, पण काडतुसात भरू नये, असं टोइमी हातात ग्लास आला की हमखास ऐकवायचा. टोइमी म्हणजे रेइनो कांगसचा शेजारी, तांब्याच्या खाणीतला जुना सोबती आणि गावाचा फुकटचा सल्लागार. "बंदुकीच्या दारूचा उघडलेला डबा कुणाकडून घेतलास ना, तर वर काहीही लिहिलेलं असो, आत काय आहे ते फक्त विकणाऱ्याला ठाऊक. आणि निम्म्या वेळा त्यालाही नसतं!"

हे रेइनोला कशाला शिकवायला हवं होतं? मिशिगनच्या त्या वरच्या टोकाला हरणांच्या शिकारीचा मोसम उघडतो त्या दिवशी शाळासुद्धा बंद असतात. तिथं हा माणूस अर्धं आयुष्य तळघरात बसून स्वतःची काडतुसं स्वतः भरत आला होता. उघडलेला डबा घ्यायचा नाही, दुसऱ्यानं भरलेलं काडतूस बंदुकीत घालायचं नाही आणि टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा ठेवायचा, हे त्याचे नियम. झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या मात्र त्याला चालत. पुंगळी बिचारी काही लपवत नाही. चीर असली तर दिसते, फुगली असली तर बोटाला कळते. पुसायची, साच्यातून काढायची, बुडाशी ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, दारू भरायची, वर गोळी दाबायची, झालं काम.

यंदा त्याच्या खांद्याचं ऑपरेशन झालं होतं आणि रायफलचा धक्का घ्यायचा नाही, असं डॉक्टरनं बजावलं होतं. त्यावर त्याची बायको आयली म्हणाली, "मग मी जाते शिकारीच्या कॅम्पवर. तू बस घरी, वाफेच्या न्हाणीचा सौना तापव आणि बटाटे सोल." रेइनोला आधी थट्टा वाटली. पण बाईनं मनावर घेतलं. त्याचीच रायफल घेतली, शिकारीसाठी लाल टोपी विणली, रोज संध्याकाळी खुर्चीत बसून भिंतीवरच्या कॅलेंडरवर नेम धरू लागली. रेइनो वरवर कुरकुरला, पण मनातून सुखावला होता. तिच्या हाती द्यायची काडतुसं आपल्या हातची आणि एक नंबरची हवीत, हे त्यानं ठरवून टाकलं.

दुकानातल्या पुंगळ्या मोसमाआधीच संपलेल्या. मग को-ऑप दुकानाच्या फळ्यावर त्याला एक कार्ड दिसलं. काडतुसं भरायचं सामान विकणे आहे, क्लेम बोदाँ, हार्पर्स मिल. फोन केला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तो तिथं पोचला.

"ये रे, रेइनो," म्हणत क्लेमनं गॅरेजचं दार वर केलं. जाड, ढेरपोट्या, मायाळू चेहऱ्याचा माणूस. त्यानं डोक्यावरची कॅप काढून हातात धरली होती. आपल्या गावाकडे असं घरात मयत झालेल्यापुढेच करतात, असं रेइनोच्या मनात आलं आणि गेलं.

"पुन्हा सुरू करतोयस तर," क्लेम म्हणाला. "बरं केलंस. माणसानं हाताला चाळा ठेवावा."

"पुन्हा कसलं? बंदच कधी पडलं होतं!"

क्लेम खाली बघत काहीतरी पुटपुटला. रेइनोचा उजवा कान बंदुकांनी केव्हाच खाल्लेला. त्याला फक्त 'मिसेस' एवढं ऐकू आलं.

"मिसेस ना? मजेत आहे! घरी पाव भाजतेय, वेलदोड्याचा. तिच्यासाठीच तर हे सगळं."

क्लेमच्या हातात पुंगळ्यांनी भरलेला कॉफीचा डबा होता. तो तसाच धरून तो रेइनोकडे बघत राहिला. मग त्यानं डबा पुढे केला आणि पैसे काही केल्या घेईना. रेइनोनं ओशाळून आपला फोन नंबर चिठ्ठीवर लिहून दिला. आणखी पुंगळ्या निघाल्या तर कळवा, म्हणाला. चांगला माणूस आहे, थोडा चक्रम आहे एवढंच, असं ठरवून तो घरी आला.

२

पुंगळ्या निवडायला बसणं म्हणजे रेइनोला तांदूळ निवडण्यासारखं काम. हात चालतात, डोकं मोकळं. तळघरातल्या दिव्याखाली एकेक पुंगळी फिरवत तो बाजूला ठेवत होता. वर स्वयंपाकघरात आयलीच्या चपला फटक फटक वाजत होत्या.

चांगल्या होत्या पुंगळ्या. सगळ्या एका मापाच्या, एकाच बंदुकीतून झाडलेल्या. बुडाशी टोपीवर पिन आपटल्याची खूण प्रत्येकीवर तीच. मधोमध नाही, जरा डावीकडे, आणि खालच्या अंगाला एक बारीकशी शेपटी. स्वल्पविरामच जणू.

पाच-सहा पुंगळ्या होईपर्यंत त्याला काही वाटलं नाही. मग हात थांबला.

कारण हा स्वल्पविराम त्याच्या ओळखीचा होता. दोन हिवाळ्यांपूर्वी बोल्ट, म्हणजे रायफलची मागची खिट्टी, साफ करताना आतली पिन फरशीवर पडली, टोकाचा कपचा उडाला आणि नवीन घ्यायच्या आळसापायी रेइनोनं ती दगडावर घासून तशीच बसवली. तेव्हापासून त्याची रायफल टोपीवर अशीच सही करायची. टोइमी चिडवायचासुद्धा, "तुझी बंदूक वाक्य पुरं करत नाही लेका."

त्यानं आपल्या मागच्या मोसमातली एक पुंगळी शोधून काढली. दोन्ही शेजारी धरल्या, भिंग लावलं. शेपटीचं वळणसुद्धा तेच.

छे, काहीतरीच! दुनियेत कपचा उडालेल्या पिना काय थोड्या असतील? पण अशा? बरं, आपल्याच पुंगळ्या कुणी वाळूच्या खाणीतून, नेमबाजीच्या जागेवरून उचलल्या म्हणावं, तर रेइनो एक पुंगळी मागे सोडत नसे. वाकून वाकून वेचायचा, लोक हसायचे.

शेवटी त्यानं रायफल काढली, त्यातली एक पुंगळी आत सरकवली आणि बोल्ट मिटला. परक्या बंदुकीतली पुंगळी जरा तरी अडते, साच्यातून काढल्याशिवाय नीट बसत नाही. ही लोण्यात सुरी जावी तशी गेली. तो दुसरी घालून बघायला लागला, तिसरी बघितली, आणि मग त्यानं रायफल परत ठेवून दिली.

'बरंच झालं की,' त्यानं स्वतःला समजावलं, 'बसतात छान, मग तक्रार कसली?' पण तक्रार होती. जाता जाईना.

३

पुढच्या आठवड्यात तो आयलीसाठी काडतुसं भरायला बसला. सकाळी टोइमीच्या रिव्हॉल्व्हरची भरून झाली होती, आता रायफलची. दारू काडतुसं भरायच्या प्रेसच्या वरच्या भांड्यात ओतणार, एवढ्यात वर फोन वाजला. आयलीनं घेतला. मग बराच वेळ काही ऐकू येईना. चपलांचाही आवाज नाही.

"काय गं, कुणाचा?" त्यानं खालून ओरडून विचारलं.

आयली जिन्याच्या वरच्या पायरीवर येऊन उभी राहिली. तिच्या हाताला पीठ होतं. "तू खाली आहेस?"

"मग कुठे असणार?"

"रेइनो, थट्टा करू नकोस हं. आत्ता फोनवर तू होतास."

"मी इथं बसलोय, आयली."

"तुझा आवाज मला कळत नाही होय? इतकी वर्षं ऐकतेय. 'आयली?' म्हणालास. मी म्हटलं, हो, बोल. परत म्हणालास, 'आयली, तूच आहेस ना?' आणि मग नुसता रडायला लागलास." तिनं पिठाचा हात तसाच गालाला लावला. "आपल्या लग्नाला एवढी वर्षं झाली, तुला कधी असं रडताना ऐकलं नाही मी. तुझी आई गेली तेव्हासुद्धा नाही."

"कुणीतरी चावटपणा केला असेल. टोइमी असेल."

"टोइमीला रडता येतं?" म्हणून ती हसली, पण हसणं मधेच राहिलं. "मला भीती नाही वाटली, हे नवल बघ. उलट वाटलं, जाऊन जवळ घ्यावं."

ती आत गेली. रेइनो प्रेसपाशी आला. आपला आवाज. बरं, असेल एखाद्याचा तसा. पण नाव? नावही माहीत असतं लोकांना, छोटं गाव आहे. पण रडला कशाला? हात आपोआप चालू होते. भांडं भरलं, दांडा खाली-वर होत राहिला, काडतुसं एकामागून एक खोक्यात जात राहिली. डोकं मात्र वर त्या फोनपाशी अडकलेलं.

खोकं भरल्यावर ते त्यानं वर नेऊन आयलीच्या हातात दिलं. तिनं त्याच्या टकलावर पापा दिला.

४

कॉफीच्या डब्यात तळाशी काहीतरी खुळखुळत होतं, ते त्यानं नंतर दोन-तीन दिवसांनी पाहिलं. उरलेल्या पुंगळ्यांच्या खाली कापडासारखं काहीतरी कोंबलेलं. त्यानं ते चिमटीनं ओढलं. लाल लोकरीच्या विणीचा तुकडा, एका कडेनं करपलेला. आत एक पुंगळी गुंडाळून ठेवली होती.

तिला पुंगळी म्हणायचं ते सवयीनं. बूड फुगून फाटलं होतं आणि पितळ फुलाच्या पाकळ्यांसारखं बाहेर उलटलं होतं. काडतुसं भरणाऱ्या माणसाला हे कसं होतं ते सांगावं लागत नाही. सावकाश जळणाऱ्या रायफलच्या दारूऐवजी रिव्हॉल्व्हरची झटक्यात जळणारी दारू भरली की सगळा जोर गोळीमागे न जाता मागे, झाडणाऱ्याच्या तोंडावर येतो.

रेइनोला शिसारी आली. मग त्याचं लक्ष विणीकडे गेलं. लाल लोकरीत मधून एक पांढरी ओळ जात होती आणि एका जागी तिचा टाका चुकून वर सरकला होता. आयलीच्या टोपीचा तो टाका चुकला तेव्हा रेइनो शेजारीच बसला होता. "उसव ना मग," तो म्हणाला होता. त्यावर "शिकारीला कोण बघतंय!" म्हणत तिनं तसंच पुढे विणलं होतं.

तो धडपडत वर गेला. आयलीची टोपी दाराशी खुंटीवर होती, अख्खी, नवी कोरी. पांढरी ओळ, चुकलेला टाका. हातातला तुकडा त्यानं तिच्यावर धरून पाहिला. टाक्याला टाका जुळला.

"काय रे, टोपीशी काय खेळतोयस?" आयली आतून म्हणाली.

"काही नाही. जरा जाऊन येतो."

"कुठे?"

त्यानं गाडीची किल्ली उचलली आणि तो दाराबाहेर पडला. तिच्याकडे बघितलं तर आपण काय बोलू, याची त्याला खात्री वाटेना.

५

क्लेम गॅरेजमध्येच होता. रेइनोला बघताच त्याचा चेहरा उतरला.

"हे सामान तुम्ही कुणाकडून घेतलंत?" रेइनोनं दारातूनच विचारलं.

"बस जरा, रेइनो. कॉफी घे."

"कॉफी नको. कुणाकडून?"

"तुझ्याकडून," क्लेम म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. लहान मुलाशी बोलावं तसं तो बोलत होता. "उन्हाळ्यात तूच आलास ना सगळं गाडीत भरून? प्रेस, साचे, तराजू, पुंगळ्या. म्हणालास, घरात यातलं काही नको आता. मी विचारलं का, तर म्हणालास, मागच्या मोसमात आयली गेली. मी भरलेल्या काडतुसानं गेली."

रेइनोला तोंडात मारल्यासारखं झालं. "मी तुम्हाला त्या दिवशी पहिल्यांदा भेटलो."

"हो, तसाच वागलास. आणि वर म्हणालास, मिसेस घरी आहे, पाव भाजतेय! माझ्या अंगावर काटा आला बघ. म्हटलं, दुःखानं डोकं फिरलं बिचाऱ्याचं. पैसे काय घेऊ अशा माणसाकडून? मग तू गेलास आणि पुढच्या आठवड्यात परत आलास."

"मी नाही आलो."

"बरं, नाही आलास," क्लेमनं समजूत काढली. "तर तू आलास आणि म्हणालास, त्या पुंगळ्या परत दे, चुकून विकल्या, तिची आठवण आहे त्यांत. मी म्हटलं, अरे, तूच नाही का नेल्यास? तर माझी कॉलर धरलीस आणि विचारत सुटलास, त्या दिवशी काय म्हणालो मी? नक्की काय म्हणालो? घरी आहे म्हणालो? पाव भाजतेय म्हणालो? तेच तेच माझ्याकडून वदवून घेतलंस. आणि मग इथं, या फरशीवर, मटकन खाली बसलास."

"मग?"

"मग तुझा फोन नंबर मागितलास. तुझाच नंबर! ती चिठ्ठी होती माझ्याकडे, ती दिली." क्लेमनं कॅप काढली. "रेइनो, घरी कुणी आहे का तुझ्याजवळ? एकट्यानं गाडी चालवत जाऊ नकोस असा."

रेइनो वळला आणि चक्क पळत सुटला.

६

घराचं दार उघडं होतं. आयली नव्हती, टोपी नव्हती, रायफल नव्हती. टोइमीची गाडीही नव्हती. नेम लावून बघायला वाळूच्या खाणीत जाऊ, असं ती दोघं सकाळी बोलत होती, ते त्याला आता आठवलं.

तो तळघरात उतरला. कशासाठी, ते त्याला तरी कुठं ठाऊक होतं? टेबलावर दारूचे दोन डबे उभे होते. दोन. त्यानं रायफलच्या दारूचा डबा उचलला. जड, गळ्यापर्यंत भरलेला. रिव्हॉल्व्हरच्या दारूचा उचलला, तर तो हाताला हलका लागला, तळाला गेलेला. टोइमीच्या काडतुसांना चिमूटभर दारू लागते. एवढी कुठं गेली? प्रेसच्या भांड्यात त्यानं बोट घातलं. बोटाला रायफलच्या दारूच्या बारीक काड्या लागायला हव्या होत्या. लागल्या त्या चपट्या, राखाडी चकत्या.

फोन वाजला तेव्हा कोणता डबा हातात होता, हे त्याला काही केल्या आठवेना. आठवायची गरजही नव्हती. खोकंभर काडतुसं त्यानं स्वतः नेऊन बायकोच्या हातात दिली होती.

मग गाडी आणि वाळूच्या खाणीकडे जाणारा कच्चा रस्ता. खिडकी खाली करून तो डावा कान बाहेर काढून चालवत होता. बार ऐकू येईल म्हणून जीव मुठीत होता, आणि ऐकू येत नव्हता म्हणूनही. फाट्याजवळ समोरून एक हिरवी गाडी आली. त्याच्या गाडीसारखीच, बंपरला तोच पोचा. काचेवर ऊन होतं, चालवणारा दिसला नाही. शेजारी लाल टोपी दिसली, ती चालवणाऱ्याच्या बाजूला कललेली. स्टिअरिंगवरून दोन बोटं वर झाली, इकडे रस्त्यावर सगळेच करतात तशी. रेइनोनंही सवयीनं दोन बोटं उचलली. धूळ बसली तोवर ती गाडी फाट्यावरून भलत्याच रस्त्याला, तांब्याच्या जुन्या खाणीच्या बाजूला वळली होती.

थांबायला हवं होतं का? पण ती लाल टोपी, त्या मोसमात कुणाचीही असते. आणि रायफल वाळूच्या खाणीत होती. तो पुढे गेला.

वाळूच्या खाणीत टोइमी एकटाच होता. लाकडी टेबलावर रायफल आडवी ठेवलेली, बोल्ट उघडा, नळी स्वच्छ. काडतुसांचं खोकं शेजारी, त्यातलं एकही कमी नव्हतं. रेइनोनं ती एकेक मोजून पाहिली. 

"झाडली नाही? एकही नाही?"

"झाडू कुठं दिलीस तू!" टोइमी वैतागला होता. "आयलीनं पहिलं काडतूस चढवलं, गाल लावला, आणि तू कुठून तरी धावत आलास. वेड्यासारखा. हातातून रायफल काढून घेतलीस, काडतूस काढलंस आणि तिला असं काही मिठीत घेतलंस की मीच तोंड फिरवलं बाबा. आणि निघून गेलात दोघं. आता परत काय विसरलं?"

 आयली जिवंत आहे, एवढंच रेइनोच्या डोक्यात फिरत होतं. हाताला जखम नाही, तोंड जसंच्या तसं, जिवंत. आनंद व्हावा की ऊर फुटावा, त्याला कळेना. दोन्ही एकदम होत होतं.

"ती घाबरली होती का?" त्यानं विचारलं.

"कोण, आयली? छे! तूच रडत होतास हमसून हमसून. ती आपली पाठ थोपटत होती. म्हणाली, उगी, आहे ना मी, चल घरी." टोइमी बोलता बोलता थांबला. त्यानं जवळ येऊन रेइनोच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. "ए, मघाशी तर तू हाडं दिसण्याइतका वाळलेला वाटलास. आणि दाढी होती. दाढी कधी काढलीस?"

गाडीची किल्ली रेइनोच्या मुठीत होती. जुन्या खाणीचा रस्ता फार लांब जात नाही, आत्ता निघाला असता तर गाठता आलं असतं. गाठायचं, दार उघडायचं आणि आयलीला म्हणायचं, चल. आणि मग? त्या माणसानं वर्षभर ज्या मरणापायी टाहो फोडला, तेच मरण रेइनोनं दोन दिवसांपूर्वी बेसावधपणे खोक्यात भरून तिच्या हाती दिलं होतं. तिनं वर त्याला पापा दिला होता.

"अरे, जा ना मग घरी," टोइमी आता खालच्या आवाजात म्हणाला. "एकटी असेल ती."

"एकटी नाही," रेइनो म्हणाला. "तो आहे तिच्याजवळ. माझ्यापेक्षा जास्त जपेल तिला."

"तो कोण?"

रेइनोनं नाव घ्यायला तोंड उघडलं. नाव त्याला पाठ होतं, जन्मापासून त्यालाच लोक त्या नावानं हाक मारत आले होते. ते आता आपल्याला लावता येतं की नाही, हेच त्याला कळेना.